आठवं बटण

मी गोष्ट ऐकत नाही, बटण बघते. दुकानात पाऊल टाकणाऱ्याला हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे त्याचा वेळ जात नाही आणि माझं डोकं फिरत नाही. पण लोक ऐकतील तर शपथ! रुमालाच्या घडीतून गणवेशाचं एखादं काळं पडलेलं बटण काढतात आणि सुरू होतात. आजोबा बोटीवर होते, आजोबांची छाती एवढी होती, आजोबांना गोळी लागली ती या बटणावर आपटून परत गेली. मी म्हणते, बरं, परत गेली ना, मग बटणाला खड्डा कुठाय? मग बटण पुन्हा रुमालात जातं.

दुकान तसं साध्या बटणांचंच. शर्टाची, कोटाची, पोरांच्या स्वेटरची, सगळी कप्प्याकप्प्यांत लावलेली. पण पत्ता विचारत विचारत लोक येतात ते जुन्या गणवेशांच्या बटणांसाठी. पोलीस, रेल्वे, टपालखातं, बँडवाले, काय वाट्टेल ते. अशा बटणांचे शौकीन असतात, आणि शौकीन आले की मागोमाग नकली माल येतोच. खरं कुठलं नि नकली कुठलं ते मी सांगते. वडील ठप्प्यावर बटणं पाडायचे, त्यांच्या पायाशी पडलेल्या पत्र्याच्या चकत्यांशी खेळतच मी मोठी झाले.

खरं बटण ठप्प्याचं असतं. पितळी पत्र्याची चकती, तिच्यावर ठप्पा, मागे दुसरी चकती, कडा दुमडून दोन्ही एकमेकींत अडकवलेल्या, पाठीला तारेची कडी. आतून पोकळ. नकली बहुतेक ओतीव. खऱ्या बटणाचा साचा घ्यायचा आणि त्यात धातू ओतायचा. आता धातू निवताना आकसतो, त्यामुळे नक्कल मुळापेक्षा केसभर लहान भरते. डोळ्याला कळत नाही, माझ्या मापकाला कळतं. शिवाय खरं बटण काचेवर टाकलं की टिणकतं, ओतीव थपकन बसतं. आणि झीज! रोज घासून घासून नक्षीचा उंच भाग गुळगुळीत होतो, खोलगट जागेत पॉलिशची भुकटी साचते. नकली करणारा मेला सगळीकडे सारखंच काळं फासतो, आळशी कुठला.

तीस वर्षांत माझा निकाल बदललेला नाही. एकदा नकली म्हटलं की नकली. माझी नणंद म्हणते, "वहिनी, तुझ्या सासरी कुणाचं काही चालत नाही हे ठीक, पण बटणांचंसुद्धा चालत नाही." तिचं बोलणं मी मनावर घेत नाही. ती नाटकमंडळीचे कपडे शिवते, तिच्याकडे सगळंच नकली.

तर बंबवाले साहेब माझ्याकडे आले ते तीन आठवड्यांपूर्वी. अग्निशमन दलात मोठ्या हुद्द्यावर आहेत, पण माणूस साधा, टोपी काढून काउंटरवर ठेवणारा. हातात पुठ्ठ्याचं खोकं, त्यात अडतीस बटणं. बंदरावरच्या एका जुन्या गोदामाची जागा खणताना निघालेली. त्यांच्या केंद्रात एक खोली सजवून दलाच्या जुन्या वस्तू मांडायच्या होत्या आणि बाहेरच्या भिंतीवर दगड बसवायचा होता, त्या गोदामाच्या आगीत गेलेल्या सहाजणांच्या नावांचा.

"चौसष्ट वर्षं झाली बाई," त्यांनी सुरुवात केली. "आग लागली ती वरच्या मजल्याला, पण आपली माणसं होती खाली..."

"साहेब, गोष्ट नको. खोकं ठेवा, मंगळवारी या."

बिचाऱ्यांनी टोपी उचलली आणि गेले.

सदतीस बटणं अस्सल होती. ज्वाळा आणि तिच्यावर आडवी शिडी, दलाची जुनी खूण. कडा दुमडलेल्या, पाठीवर बनवणाऱ्याचा शिक्का, काही होरपळून निळसर झालेली. हात लावताना मीसुद्धा जरा हळू लावला. अडतिसावं मात्र बघताच माझ्या कपाळाला आठी पडली. पांढुरकं, कथलाचं, ओतीव. मापकात अर्धा मिलिमीटर लहान. शिडीच्या वरून तिसऱ्या पायरीला धातूची गाठ आलेली. पाठीवर कसल्याशा लाटांसारख्या बारीक रेघा, आणि कडी म्हणजे साधी तार वाकवून ओततानाच खुपसलेली. शिवाय कथील! घरातल्या शेगडीवर वितळणारा धातू तो, एवढ्या आगीतून शाबूत निघेल कसा? म्हणजे आगीनंतर कुणीतरी कधीतरी तिथे टाकलेलं, नाटकातलं नाहीतर खेळण्यातलं.

माझ्या वहीत मी प्रत्येक बटणाची नोंद करते, चित्रासकट. याचीही केली. गाठ, रेघा, तार, सगळं. खाली लिहिलं: "नकली. आगीनंतरचं. मांडू नये." आणि खाली दोन रेघा ओढल्या. साहेबांनी सदतीस बटणं नेली आणि अडतिसावं माझ्याकडेच ठेवलं. मी ते टाकाऊ बटणांच्या डब्यात भिरकावलं. त्याच आठवड्यात नणंद आली आणि नव्या नाटकासाठी अख्खा डबा घेऊन गेली. मला काय, डबा रिकामा झाला म्हणून बरंच वाटलं.

दगड शुक्रवारी बसायचा होता. त्याआधीच्या सोमवारी सकाळी, मी अजून कप्पे पुसत होते तेवढ्यात, एक बाई दारात उभ्या राहिल्या. सत्तरीच्या, पाठ ताठ, साडीची घडी जागच्या जागी. बोलल्या तेव्हा प्रत्येक शब्द सुटा, स्वच्छ. नंतर कळलं, चाळीस वर्षं टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्ये होत्या. तेव्हापासून माझ्या लेखी त्या टेलिफोनबाई.

"तुम्ही गोष्ट ऐकत नाही असं साहेब म्हणाले," त्या म्हणाल्या. "म्हणून मी आधी वस्तू आणली."

त्यांनी पिशवीतून पत्र्याची चपटी डबी काढली. आत कापूस, कापसात पांढऱ्या हलक्या हाडाचे दोन तुकडे, तळहाताएवढे. समुद्रफेस! समुद्रकाठी सापडतो तो, माकुळाच्या पाठीतला. जुने सोनार साचा करायला हाच घ्यायचे. मऊ असतो, वस्तू नुसती दाबली की ठसा उमटतो, आणि ओतलेल्या धातूवर त्याच्या अंगच्या लाटा उमटतात.

मी भिंग उचललं. एका तुकड्यात ज्वाळेचा आणि शिडीचा ठसा होता, उलटा. शिडीच्या वरून तिसऱ्या पायरीपाशी टवका उडून खळगा पडलेला. दुसऱ्या तुकड्यावर नुसत्या लाटा, एकाखाली एक.

वही उघडून बघायची गरज नव्हती, तरी उघडली. गाठ, रेघा, तार. खाली माझ्याच हाताच्या दोन रेघा, ठसठशीत.

मी स्टूल पुढे सरकवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, "बसा. सांगा मला."

टेलिफोनबाई तेव्हा सहा वर्षांच्या होत्या. वडील दलात होते, बिल्ला नंबर एकतीस. दलात रोज सकाळी हजेरी आणि तपासणी व्हायची. कोटाला आठ बटणं, आठही चकाकलेली हवीत. एखादं नसेल तर बंबावर पाय ठेवायचा नाही, असा तिथला कायदा. त्या सकाळी वडिलांच्या कोटाचं एक बटण गळालं होतं. तपासणाऱ्याने हजेरीच्या वहीत लाल शाईने लिहिलं आणि घरी पाठवलं, बटण लावून ये म्हणून.

"आता दलाचं बटण आणायचं कुठून?" टेलिफोनबाई म्हणाल्या. "आई कासाराची मुलगी. तिने बाबांना खुर्चीत बसवलं, म्हणाली, तासाभरात देते. कोटावरचंच एक बटण समुद्रफेसात दाबलं, शेगडीवर पळीत कथील वितळवलं आणि ओतलं. मी फुंकर मारायला होते. निवल्यावर राखेने घासून घासून असं चकचकीत केलं की बाबा म्हणाले, बाकीची सातच आता नकली दिसतायत."

त्या हसल्या आणि मग डबीकडे बघत राहिल्या.

"बाबा धावतच निघाले. केंद्रापाशी पोचले तर घंटा वाजलेली, बंब फाटकातून बाहेर पडत होता. मागच्या दांडीला धरून चढले. हे आम्हाला समोरच्या न्हाव्याने सांगितलं, पण पुढे दलाच्या तेव्हाच्या साहेबांसमोर तो शब्दाला टिकला नाही. म्हणाला, नक्की कोण होतं बघितलं नाही. ड्रायव्हरने तर मागे वळून पाहिलंच नव्हतं. आणि आत जे गेले त्यातलं कुणीच परत आलं नाही. गोदाम कोसळलं, ढिगारा तसाच बुजवला. वहीत सहाजण हजर, एकतीस नंबर गैरहजर. गैरहजर आणि बेपत्ता. म्हणजे पळाला."

"म्हणजे पळाला?" माझा आवाज चढला. "कोण म्हणालं असं?"

"सगळेच. शाळेत मला पळपुट्याची म्हणायचे." हे त्या इतक्या सहज म्हणाल्या की मला कुणाचं तरी बखोट धरावंसं वाटलं, पण धरणार कुणाचं, सगळे कधीच वर गेलेले. "आई सांगत फिरली, मी बटण लावून पाठवलं त्यांना. बायको तर असं म्हणणारच, असं उत्तर मिळायचं. मग ती घराबाहेर बोलायचीच बंद झाली. घरात एकच म्हणायची, बटण ओतलं नसतं तर ते त्या दिवशी केंद्रातच बसून राहिले असते."

"आणि तुम्हाला? तुम्हाला काय वाटायचं?"

टेलिफोनबाईंनी साच्याचे तुकडे कापसात नीट ठेवले.

"मला वाटायचं, पळाले असले तर बरंच की. म्हणजे कुठेतरी आहेत. एक्स्चेंजमध्ये लागले तेव्हा परगावचा प्रत्येक नवा आवाज मी कान देऊन ऐकायचे. चाळीस वर्षं ऐकलं. कधीतरी ते फोन करतील आणि जोडून द्यायला मीच असेन." त्यांनी डबीचं झाकण हाताने पुसलं. "गेल्या आठवड्यात साहेबांकडे गेले. म्हटलं, बटणं सापडली ना, त्यात एखादं पांढरं होतं का? ते म्हणाले, एक होतं, पण बटणवाल्या बाईंनी नकली ठरवलं. त्यांच्याकडेच आहे. तुमच्याकडेच आहे ना?"

खोटं बोलावं असं एक क्षण वाटलं, हे कबूल करते. पण त्या तोंडाकडे बघून बोलवेना.

"नाही. मी ते देऊन टाकलं. नाटकवाल्यांना."

आता या चिडतील, रडतील, निदान उठून तरी जातील, असं मला वाटलं. त्यांनी डबी बंद केली, पिशवीत ठेवली आणि पदर खोचला.

"लाइन तुटली म्हणून मी कधी कानाचं काढून आपटलं नाही," त्या म्हणाल्या. "पुन्हा जोडायची. कुठाय ते नाटक?"

दुकानाला कुलूप लावून आम्ही निघालो. नाटकघर दोन गल्ल्या सोडून. मागच्या दाराने शिरलो की नणंदेची खोली, कपड्यांनी ओसंडलेली, मधोमध ती स्वतः तोंडात चार टाचण्या धरून. मी तिला सगळं एका दमात सांगितलं. टाचण्या एकेक करून बाहेर आल्या.

"पांढरं होय? वहिनी, मी सगळ्या बटणांना सोनेरी रंग मारला ना गं! पांढरी, काळी, सगळी एकाच तस्तात बुडवून काढली."

"शाबास!"

"मला काय स्वप्न पडलं होतं? तूच म्हणालीस, सगळा कचरा आहे, घेऊन जा!"

हे खरंच होतं, म्हणून मी तोंड मिटलं. नणंदेने त्या संधीचा पुरेपूर फायदा घेतला. "बघा हो बाई," टेलिफोनबाईंना म्हणाली, "आज आमच्या वहिनी गप्प बसल्या. तारीख लिहून ठेवते." मग लगेच मऊ झाली. "बारा शिपायांचे कोट आहेत आणि एक सेनापतीचा. पण सगळे आत्ता तालमीत, अंगावर आहेत लोकांच्या."

"पाठीला रंग लागलाय का?"

"पाठीला कशाला घासत बसू मी? आधी एकेक बटण चिकणमातीत रोवलं, मग बुडवलं. पाठी कोऱ्याच आहेत."

माझा जीव थोडा भांड्यात पडला. पाठ कोरी म्हणजे लाटा दिसणार.

पुढचा अर्धा तास मी विसरणार नाही. रंगमंचावर सेनापती आपल्या फौजेला तावातावाने भाषण ठोकत होता आणि आम्ही तिघी बायका त्या फौजेत शिरलो. मी भिंग घेऊन, नणंद कात्री घेऊन, टेलिफोनबाई हाताची घडी घालून मागे. "हलू नका. श्वास धरा. पोट आत." एकेका शिपायाचं एकेक बटण उलटून बघत मी चालले. दिग्दर्शक खालून ओरडला, "अहो, हे काय चाललंय? युद्ध आहे हे!" नणंद म्हणाली, "असू दे, थोडं थांबवा. समोरचेही थांबलेत." एका शिपायाला गुदगुल्या झाल्या, तो खिदळला आणि सगळी फौजच खिदळायला लागली.

बारा कोट झाले. एकही नाही. टेलिफोनबाईंकडे बघायची माझी हिंमत होईना.

राहिला सेनापती. गलेलठ्ठ माणूस, कोट अंगावर जेमतेम बसवलेला, बटणं फुटायच्या बेताला आलेली. वरून सात उलटली, सातही पितळी. आठवं पार पोटाच्या उतारावर, सगळ्यांत ताणलेलं. मी वाकून ते उलटलं.

लाटा. एकाखाली एक, बारीक, अगदी डबीतल्या हाडावरच्यासारख्या.

"काप," मी नणंदेला म्हटलं. तिने दोरा कापला, कोट फटकन उघडला आणि सेनापती म्हणाला, "आहाहा, आता श्वास घेता येतोय."

नणंदेने खोलीत नेऊन बटण स्पिरिटमध्ये घोळवलं, चिंधीने रंग पुसला. खालून पांढुरकं कथील निघालं. टेलिफोनबाईंनी डबी उघडली. मी म्हटलं, तुम्हीच लावा. त्यांनी बटण ठशावर ठेवलं. तिसऱ्या पायरीची गाठ बरोबर खळग्यात गेली. बटण साच्यात किंचित सैल बसलं, केसभर. तसंच बसायला हवं होतं, कारण धातू निवताना आकसतो. वरून दुसरा तुकडा ठेवला तर लाटेवर लाट जुळली.

मला रडू आलं, सांगून टाकते. एवढी वर्षं मी लोकांच्या आजोबांना हसत आले आणि त्या दिवशी दुसऱ्याच्या बापासाठी नणंदेच्या चिंधीत नाक शिंकरत बसले. नणंदेने नुसता माझ्या पाठीवर हात ठेवला.

टेलिफोनबाई बटणाकडे बघत होत्या. "होते तर तिथे," त्या हळूच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आता ऐकत बसायला नको."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा मोकळा झाला होता. एखाद्याने डोक्यावरची घागर खाली ठेवावी तसा. मला आधी भीती होती, बाप मेल्याचा पुरावा हातात देऊन आपण या बाईचं काय भलं केलं? पण त्यांनी माझा हात दाबला आणि म्हणाल्या, "बाबांनी घर सोडलं नाही बाई. कामावर गेले होते."

तिथून सरळ केंद्रात. बंबवाल्या साहेबांनी बटण बघितलं, साचा बघितला, माझी वही बघितली. वहीचाच उपयोग झाला. गाठ, रेघा, तार, सगळं टेलिफोनबाईंना मी ओळखतही नव्हते तेव्हाच्या तारखेने लिहिलेलं. मागाहून कुणी जुळवाजुळव केली असं म्हणायला जागा उरली नाही.

"पण बाई, कथील आगीत टिकलं कसं?" साहेबांनी विचारलं. "तुम्हीच लिहिलंय."

"तेच तुम्हाला विचारायचंय. हे नेमकं सापडलं कुठे?"

"तळघरात. तळाशी, गाळात. वरची आग विझवायला मारलेलं सगळं पाणी खाली उतरलं होतं, छातीभर झालं असेल. आपली माणसं खाली अडकलेल्या हमालांना काढत होती. हमाल निघाले सगळे, धुरात कुणाला कुणाचं तोंड दिसलं नाही. मग वरचा मजला आला खाली."

"हे तुम्ही मला त्याच दिवशी का नाही सांगितलं?"

साहेबांनी टोपी हातात फिरवली. "सांगत होतो. तुम्ही म्हणालात, गोष्ट नको."

टेलिफोनबाईंनीच मला सावरलं. म्हणाल्या, "मलाही सकाळी वाटलं होतं, तुम्ही हाकलून द्याल. दिलं नाहीत."

साहेबांनी कपाटातून हजेरीची जुनी वही काढली. पानं पिवळी, पण लाल शाई तशीच: बिल्ला एकतीस, गणवेश अपुरा, परत पाठवले. पुढे दुसऱ्याच हाताने, आगीनंतर लिहिलेलं: गैरहजर. टेलिफोनबाईंनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. साहेब म्हणाले, वहीत खाडाखोड करता येत नाही, दगड कोरून तयार आहे, आणि दगडाचं ठरवणारी समिती लेखी मागेल. मी म्हटलं, कागद द्या. तिथेच बसून लिहिलं की अडतिसाव्या बटणाबद्दलचा माझा आधीचा निकाल चुकीचा होता. बटण दलाच्या ठप्प्याचं नाही, घरी ओतलेलं आहे, आणि म्हणूनच ते दुसऱ्या कुणाचं असू शकत नाही. खाली सही केली.

"तीस वर्षांत पहिल्यांदा?" साहेबांनी विचारलं.

"दुसऱ्यांदा विचारलंत तर खोडून टाकीन," मी म्हटलं. ते हसले. समिती बुधवारी बसली, आणि गुरुवारी पाथरवट छिन्नी घेऊन दगडापाशी बसला.

शुक्रवारी सकाळी केंद्राच्या पटांगणात माणसं जमली. जवान रांगेत उभे, बंब धुऊन पुसून लख्ख. दगडावर सहा नावं मोठ्या अक्षरांत, मधोमध. सातवं खाली, कडेला चिकटून, जागा मिळेल तसं कोरलेलं, अक्षरं बाकीच्यांपेक्षा पांढरी. नणंद माझ्या कानात म्हणाली, "थोडं वाकडं आलंय." मी म्हटलं, "गप्प बैस, धावत येऊन चढलाय तो." आत काचेच्या कपाटात अडतीस बटणं मांडली होती, पांढरं मध्ये.

साहेबांनी भाषण केलं नाही. ती जुनी हजेरीची वही उघडली आणि म्हणाले, त्या दिवशीची हजेरी अपुरी राहिली होती, ती आज पुरी करू. एकेक बिल्ला नंबर त्यांनी मोठ्याने पुकारला. गर्दीतून कुणाचा मुलगा, कुणाची नात, कुणाचा पुतण्या "हजर" म्हणत गेला. सहा झाले.

"बिल्ला नंबर एकतीस!"

टेलिफोनबाई माझ्या शेजारीच उभ्या होत्या. त्यांचे ओठ हलले, आवाज फुटेना. मी त्यांच्या कोपराला हात लावला. त्यांनी पाठ ताठ केली, आणि मग चाळीस वर्षं जो आवाज गावोगावच्या तारांवरून गेला होता, तो सुटा, स्वच्छ, फाटकापर्यंत ऐकू गेला.

"हजर, साहेब! आठही बटणं लावून!"